बोरमाळ वस्तीच्या उत्तर रांगेची राखण

प्रति,
मा. विशेष अधिकारी साहेब,
वस्ती व्यवस्थापन व दक्षता कक्ष,
औद्योगिक पट्टा, उत्तर विभाग.

अर्जदार : श्रीमती सुभद्राबाई यशवंतराव मुंगसे, वय वर्षे ७८, निवृत्त पोलीस पाटील, मौजे सोनवळी. (पत्ता अर्जाच्या शेवटी लिहिला आहे. आपल्या दप्तरी असलेला पत्ता आजपासून चालणार नाही.)

विषय : बोरमाळ वस्तीच्या उत्तर रांगेच्या संरक्षणासाठी नेमलेले ग्रामरक्षक दल उद्या, मंगळवारी, उजाडण्यापूर्वी मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदार यांचा दि. ५ फेब्रुवारी २०२५ चा अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे दि. ७ फेब्रुवारी २०२५ चे उत्तर.

महोदय,

१. प्रथम एक खुलासा. हा अर्ज अर्जदार यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. तरी त्यात 'मी' हा शब्द कोठे आढळणार नाही. अर्जदार यांचे यजमान कै. यशवंतराव हे सोनवळीचे पोलीस पाटील होते. त्यांच्या पश्चात ते काम अर्जदार यांच्याकडे आले व निवृत्तीपर्यंत राहिले. यजमानांनी एक गोष्ट शिकविली होती, की खबर लिहिताना लिहिणाऱ्याने स्वतःला बाजूला ठेवावे. जे घडले ते तिऱ्हाइताने पाहिल्यासारखे मांडावे, म्हणजे रागाची शाई कागदावर उतरत नाही. अर्जदार यांनी आजवर पाठविलेल्या एकाही खबरेत खोट निघालेली नाही. या अर्जातही निघणार नाही.

२. सोनवळी हे आता नावापुरते गाव आहे. मोशीकडून चाकणकडे जाताना डाव्या हाताला कंपन्यांची कंपाउंडे, उजव्या हाताला नव्या इमारती, आणि मधल्या फटीत गाव. गावाच्या वरच्या अंगाला बोरमाळ. तेथील गायरानावर हिंगोली, परभणी, वसमतकडची माणसे पत्र्याच्या खोल्या करून गेली वीस-पंचवीस वर्षे राहत आहेत. काही गॅरेजवाले मुसलमान आहेत, त्यांतले काही तर सोनवळीच्या बाजूचेच. मधून नाला जातो. नाल्याच्या अलीकडे दक्षिण रांग होती. पलीकडे उत्तर रांग आहे. 'होती' आणि 'आहे' हे दोन शब्द अर्जदार यांनी विचारपूर्वक वापरले आहेत.

३. ग्रामरक्षक दल ही सोनवळीला नवी गोष्ट नव्हे. दरोड्यांच्या काळात यजमानांनी ते उभे केले तेव्हा त्यात चार गडी, एक कंदील आणि एक शिट्टी होती. दलाचा एकच नियम होता व तो मोडणाऱ्यास दुसऱ्या दिवशी काठी परत करावी लागे. ज्या दारावर जायचे, त्या दारावर घरच्या माणसाचे नाव घेऊन हाक मारायची. आतून 'ओ' आली, की मग पुढच्या दारी. नाव न घेता कोणाच्या दाराला हात लावायचा नाही. यजमान म्हणत, ज्याचे नाव घ्यायला जीभ वळत नाही त्याच्या दारात काठी घेऊन उभे राहू नये. बोरमाळावर पहिल्या चार खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा दलाने तेथेही हाका मारल्या. कै. आबाजी, ज्यांचा उल्लेख पुढे येईल, ते सांगत असत, की या मुलखात आपले नाव पहिल्यांदा कोणी घेतले असेल तर ते दलाच्या गड्याने, अंधारात, दाराबाहेरून.

४. गेल्या वर्षी आपल्या कक्षाच्या आदेशाने हे दल पुन्हा सुरू झाले. दलाच्या प्रमुखपदी अर्जदार यांचा नातू, चि. दिग्विजय, याची नेमणूक झाली. गणवेश मंजूर झाला नव्हता, म्हणून ओळखीसाठी दलाच्या प्रत्येक सभासदाने खांद्यावर पांढरा पंचा टाकावा, असे आपल्याच आदेशात म्हटले आहे. म्हणजे पोलिसांना आपली माणसे लांबूनही ओळखता येतील. उद्घाटनास अर्जदार यांना बोलाविले होते. अर्जदार यांनी दलाचा नियम काय, असे विचारले. मंचावरील एका साहेबांनी हसून सांगितले, की आजी, आता काळ बदलला, आता नियम वरून येतात.

ते आले. प्रथम वस्तीतील माणसांना पिवळी कार्डे मिळाली. गावातून जाताना ती गळ्यात घालावीत, दिवेलागणीनंतर गावातून जाऊच नये, बाहेरच्या कच्च्या रस्त्याने फिरून जावे. मग गावच्या टाकीवरचा नळ 'स्थानिकांसाठी' आणि नाल्याकाठचा नळ 'इतरांसाठी' झाला. कार्डे तपासायला वेशीच्या कमानीत दलाची पोरे खुर्च्या टाकून बसत. शेजारी चौकीचा शिपाई मोबाइल बघत बसे. तिसऱ्या पाळीवरून परतणारी माणसे कमानीपाशी उन्हे वर येईपर्यंत ताटकळत. एकदा कादर गॅरेजवाल्यास विचारण्यात आले, की तू कुठला. तो म्हणाला, समोरच्या शाळेत शिकलो, तुझ्याच वर्गात होतो, भावा. तरी कार्ड दाखव, असे उत्तर मिळाले. ते उत्तर देणारा चि. दिग्विजय होता. अर्जदार यांनी त्याला घरी विचारले. तो म्हणाला, ओळख असली तरी नियम नियम असतो. अर्जदार यांच्या घरात तोवर 'नियम' हा शब्द मान खाली घालून उच्चारला जात असे.

५. आता मंगळवार, दि. ४ फेब्रुवारी.

त्या दिवशी कै. आबाजी यांचा दहावा होता. आबाजी अर्जदार यांच्या मळ्यात अनेक वर्षे राबले. त्यामुळे अर्जदार टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मोशीच्या घाटावर गेल्या. वस्तीतील बहुतेक पुरुष रजा टाकून आले होते. दलाच्या हिशेबाने ते कंपनीत असायला हवे होते. हिशेब चुकला तो इतकाच. आबाजींच्या पत्नी रुक्मिणीबाई मात्र घाटावर आल्या नाहीत. आबाजींनी दक्षिण रांगेतल्या ज्या खोलीत प्राण सोडला तेथे दिवा लावलेला होता. तेरावा होईपर्यंत तो विझू द्यायचा नसतो व त्याला एकटा सोडायचा नसतो, म्हणून त्या दिव्यापाशी बसून राहिल्या. बरोबर शेजारपाजारच्या बाया होत्या.

घाटावर पिंडाला कावळा शिवेना. नातलगांनी आपापल्या परीने बोलून पाहिले. वसमतचे व्याही म्हणाले, आबाजींना चहाशिवाय सकाळ होत नसे, आणि कोणीतरी टपरीवरून प्लॅस्टिकच्या कपात चहा आणून ठेवला. तरी कावळा लांबच्या भिंतीवर बसून राहिला. शेवटी आबाजींचा मुलगा गणराज, जो कंपनीत कंत्राटी वेल्डर आहे, पुढे झाला व हात जोडून म्हणाला, "बाबा, खोली सोडणार नाही. मायला घेऊन इथंच राहतो." कावळा शिवला. हे शब्द कागदावर आणण्याचे कारण एवढेच, की दि. ७ रोजीच्या उत्तरात आपण 'रहिवासी स्वेच्छेने स्थलांतरास तयार आहेत' असे लिहिले आहे.

त्यानंतर रिवाजाप्रमाणे सोयऱ्यांनी टॉवेल-टोपी केली. गणराज, त्याचे भाऊबंद आणि खांदा दिलेले मित्र, सर्वांच्या खांद्यावर पांढरा टॉवेल आणि डोक्यावर पांढरी टोपी आली. कादरनेही खांदा दिला होता, म्हणून त्यालाही. टेम्पोत मागे कोणीतरी त्याची थट्टा केली, की कादरभाऊ, पुढारी दिसतोस. कादर म्हणाला, मग आजच नळ मंजूर करतो. दहाव्याहून परतणारी माणसे अशीच थोडीशी हसतात, त्यात वावगे नाही. त्या हसण्यानंतर बोरमाळावर कोणी हसल्याचे अर्जदार यांच्या कानावर आलेले नाही.

६. वस्तीच्या वळणावर पोलिसांनी लोखंडी अडसर लावून रस्ता बंद केला होता. वर धूर दिसत होता. अर्जदार यांना वाटले, नेहमीसारखा कोणी कचरा पेटविला असेल.

हवालदाराने टेम्पो पाहिला. मागे उभ्या माणसांच्या खांद्यावर पांढरे पाहिले. मग पुढे बसलेल्या अर्जदार यांना पाहिले. साहेब, चूक झाली ती येथे. गणराजचे डोके त्या सकाळीच भादरलेले होते, पण त्यावर टोपी होती. टॉवेल नवे कोरे होते, घडीच्या रेघा तशाच. दुःखातल्या माणसांचा वेश आणि दलाचा वेश आपल्या आदेशाने एकच झाला होता, आणि दलप्रमुखाची आजी पुढच्या सीटवर बसली होती. हवालदाराने स्वतःच्या हाताने अडसर बाजूला केला व नमस्कार करून म्हणाला, "रामराम पाटलीणबाई. दिग्विजयभाऊ वरच आहेत." मग मागच्यांना म्हणाला, "लई उशीर केला राव तुम्ही. दक्षिणेचं आटपलं. उत्तरेला आज हात लावायचा नाही, ती पुढच्या मंगळवारी."

असे म्हणून त्याने सरकारी गाडीच्या मागच्या बाजूने डिझेलचे दोन कॅन काढले आणि गणराजच्या हातात दिले. हे उरलेत, तुमच्याकडंच ठेवा, असे सांगितले. गणराजने ते घेतले. का घेतले, असे पुढे त्याला चौकीत विचारण्यात आले. बापाचे पिंडदान करून आलेल्या पोराच्या हातात जे दिले जाईल ते तो घेतो. सकाळपासून तो तेच करीत होता.

अर्जदार यांनी हवालदारास एकच प्रश्न केला, की हुकूम कोणाचा. तो मोकळेपणाने हसला. "तुमच्याच घरचा, पाटलीणबाई. आम्ही फक्त रस्ता धरलाय."

त्या हवालदाराचे नाव येथे लिहिलेले नाही. त्याच्या छातीवरचा बिल्ला अर्जदार यांनी वाचला आहे व वेळ येईल तेव्हा शपथेवर सांगतील. परंतु तो बोलला नसता तर हा अर्ज झाला नसता, आणि जो चुकून का होईना खरे बोलला, त्याची पहिली बदली व्हावी हे अर्जदार यांना मान्य नाही.

७. दक्षिण रांगेत अर्जदार यांनी जे पाहिले ते थोडक्यात. पत्रे कागदासारखे वळले होते. बाया आणि मुले नाल्यात उतरून बसली होती, कारण वर येणाऱ्यास काठी दाखविली जात होती. अग्निशमनाची गाडी वाऱ्याच्या बाजूला सावलीत उभी होती; तिचा पाइप गुंडाळलेलाच होता व त्यावर एका जवानाचा डबा उघडलेला होता. जेसीबी आधीच आणून ठेवलेला होता. दलाची पोरे पंच्याने तोंड पुसत टाकीपाशी उभी होती. एकाही दारावर हाक मारली गेली नव्हती. अर्जदार यांनी हे नाल्यातल्या प्रत्येक बाईला वेगवेगळे विचारले. सर्वांनी सांगितले, की नाव कोणी घेतले नाही, आधी पत्र्यावर दगड आला.

रुक्मिणीबाई नाल्याच्या काठाला पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. केस एका बाजूने होरपळले होते. पदराआड त्यांनी दिवा धरला होता, आणि तो पेटता होता. त्या खोलीतून दुसरे काहीही घेऊन निघाल्या नाहीत.

त्यांना उत्तर रांगेत पहिल्याच खोलीत, कादरच्या आई रहमतबी यांच्याकडे नेले. रहमतबी शिलाईचे काम करतात. त्यांनी फळीवरची रिळे खाली काढली, फळी पुसली व म्हणाल्या, "इथं ठिवा. इथं वारा लागत न्हाई." दिवा आज तेथे आहे. तेराव्याला तो पाण्यात सोडायचा होता. पण तेरावा झालेला नाही, कारण पुढील परिच्छेद.

८. पंचनामा. त्याची प्रत मिळविण्यास अर्जदार यांना चौकीच्या पायरीवर दुपारभर बसावे लागले. पूर्वी त्याच चौकीत अर्जदार यांना खुर्ची मिळत असे. पंचनाम्यात आगीचे कारण असे दिले आहे, की मयत आबाजी यांच्या खोलीतील देवदिव्यामुळे आग लागून ती पसरली. त्याच पंचनाम्यात, त्याच पानावर, खाली असे आहे, की पांढरे वस्त्र धारण केलेल्या जमावाने डिझेल ओतून खोल्या पेटविल्या व त्यांपैकी गणराज व कादर यांना डिझेलच्या कॅनसह जागेवर पकडण्यात आले. अर्जदार यांनी असंख्य पंचनामे लिहिले आहेत. एकाच आगीला दोन कारणे देणारा व दोन्ही कारणे जळालेल्यांच्याच घरातून काढणारा पंचनामा त्यांनी प्रथमच पाहिला. त्यातही पहिले कारण अद्याप रहमतबींच्या फळीवर तेवत आहे. आपण येऊन पाहू शकता. तेल अर्जदार घालतात.

गणराज कोठडीत असल्याने तेराव्याचे विधी करणारे कोणी नाही. म्हणून दिवा विझविता येत नाही. आणि दिवा आहे तोवर रुक्मिणीबाई ती खोली सोडणार नाहीत. ती खोली उत्तर रांगेत आहे. उत्तर रांगेचा वार उद्याचा आहे. साहेब, हे सर्व आपल्या ध्यानात एका ओळीत यावे म्हणून येथे एका ओळीत लिहिले.

९. दि. ५ रोजी अर्जदार यांनी आपणांस सर्व हकीकत कळविली. पुढच्या मंगळवारी उत्तर रांगेवर हल्ला होणार असल्याचे पोलिसाच्या तोंडून ऐकले आहे, तरी संरक्षण द्यावे, अशी विनंती केली. आपले उत्तर दोन दिवसांत आले. इतक्या तत्परतेचा अनुभव अर्जदार यांना आपल्या कार्यालयाकडून पूर्वी नव्हता, त्यामुळे पाकीट उघडण्यापूर्वीच त्यांना भीती वाटली.

उत्तराचा मजकूर असा. अर्जदार यांनी व्यक्त केलेली भीती कक्षाने गांभीर्याने घेतली आहे. सबब मंगळवार दि. ११ रोजी उत्तर रांगेच्या संरक्षणाची संपूर्ण जबाबदारी ग्रामरक्षक दलाकडे सोपविण्यात येत आहे. दलप्रमुख श्री. दिग्विजय मुंगसे व्यक्तिशः हजर राहतील. रांगेतील सर्व पुरुषांनी त्या सकाळी पिवळ्या कार्डांच्या नूतनीकरणासाठी चौकीवर हजर राहावे. दारांना आतून कड्या लावू नयेत, म्हणजे मदत पोहोचविणे सोपे जाईल. खोल्यांबाहेर साठविलेले पाण्याचे पिंप व वाळूच्या गोणी हे अतिक्रमण समजून आदल्या दिवशी उचलले जातील. खबरदारी म्हणून अग्निशमनाची गाडी व जेसीबी सकाळपासूनच जागेवर ठेवण्यात येतील.

अर्जदार यांनी हे पत्र रांगेत वाचून दाखविले. रहमतबी म्हणाल्या, की पाटलीणबाई, जेसीबी कशाला लागतो राखणीला? या प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्रात नाही. तो प्रश्न अर्जदार जसाच्या तसा आपणांकडे पाठवीत आहेत.

आज सकाळी पिंप उचलण्यात आले. भरलेले होते, पाणी नाल्यात ओतले व पिंप गाडीत टाकले. वाळूच्या गोणीही नेल्या. म्हणजे आपल्या पत्रातील एक कलम अमलात आले आहे. उरलेली उद्याची आहेत.

१०. घरातील गोष्ट सरकारी अर्जात लिहू नये हे अर्जदार जाणतात. परंतु आपणच त्यांच्या घरातील माणूस या कामी नेमला आहे, तेव्हा लिहावे लागते.

शनिवारी चि. दिग्विजय जेवायला बसला असता अर्जदार यांनी त्याला विचारले, की मंगळवारी तू उत्तर रांगेत जाणार आहेस, तो राखायला की जाळायला. त्याने घास खाली ठेवला नाही. तो म्हणाला, आजी, तुला कोणी हात लावणार नाही. त्या दिवशी घरातून बाहेर पडू नकोस म्हणजे झालं. अर्जदार म्हणाल्या, तुला विचारले ते सांग. तो म्हणाला, "वरून आलंय. आम्ही नाही केलं तर दुसरे करतील. जागा मोकळी झाली की ट्रक टर्मिनल होणार, आपल्याच पोरांना गाळे मिळतील." अर्जदार यांनी विचारले, की नावे तरी माहीत आहेत का तुला, ज्यांची दारे आहेत त्यांची. तो म्हणाला, नावांचं काय करायचंय.

हे मूल अर्जदार यांच्या मांडीवर वाढले. त्याच्या आजोबांची शिट्टी त्याच्या गळ्यात आहे. वाढलेले पान त्याने संपविले, हात धुतला आणि बुलेटवर बसून गेला.

त्याची आई, अर्जदार यांच्या सून सौ. विजयश्री, या कधी चार शब्द मोठ्याने बोललेल्या नाहीत. मागील मंगळवारी मुलाने आणलेला पंचा त्यांनी तीनदा धुतला. काळे गेले, वास गेला नाही. काल त्यांनी तो पंचा घडी करून अर्जदार यांच्यापुढे ठेवला व म्हणाल्या, "आई, माझ्या हातून हा चौथ्यांदा धुवायचा नाही." तो सोबत जोडला आहे.

११. वरील परिस्थितीत अर्जदार यांचे मागणे असे :

(अ) ग्रामरक्षक दलाची उद्याची नेमणूक आजच, लेखी, रद्द करावी. तोंडी रद्द केलेली चालणार नाही. दलाचे हल्ली काय तोंडी चालते ते वर आले आहे.

(आ) पुरुषांना चौकीवर बोलाविण्याचा आदेश मागे घ्यावा. पाण्याचे पिंप सायंकाळपूर्वी भरून परत द्यावेत. रिकामे दिल्यास ते अर्जदार भरून घेतील, परंतु तशी नोंद ठेवतील.

(इ) गणराज व कादर यांना सोडावे. एकाला बापाचा तेरावा करायचा आहे. दुसऱ्याच्या आईच्या घरात परक्याचा दिवा आहे, आणि ती तो एकटीने सांभाळते आहे.

(ई) यांपैकी काहीच करणे आपल्या हाती नसेल, तर ते तसे सांगावे, म्हणजे ज्याच्या हाती आहे त्यास लिहिता येईल. आणि उद्या दल येणारच असेल, तर निदान दलाचा मूळ नियम पाळण्याचा हुकूम आपण द्यावा. नाव घेऊन हाक मारल्याशिवाय कोणत्याही दाराला हात लावू नये. रांगेतील प्रत्येक दारावर अर्जदार यांनी आज खडूने घरच्या माणसाचे पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे, त्यामुळे माहीत नसल्याची सबब चालणार नाही. वाचता न येणारा कोणी दलात नाही. सर्व पोरे त्याच शाळेतली आहेत.

पहिली खोली रहमतबी यांची. तिच्या दारावर त्यांच्या नावाखाली रुक्मिणीबाईंचे नाव आहे व त्याखाली आजपासून अर्जदार यांचे. दलप्रमुखाने तेथे उभे राहून 'सुभद्राबाई यशवंतराव मुंगसे' अशी हाक मारावी. जन्मात त्याने आजीला नावाने हाक मारलेली नाही. उद्या मारावी लागेल. आतून ओ येईल. ओ आल्यावर दलाने काय करायचे असते, ते त्याच्या आजोबांनी ठरवून ठेवले आहे. पुढच्या दारी जायचे असते.

दारे आतून लावू नयेत, हे आपले कलम अर्जदार पाळणार आहेत. दार उघडेच असेल. समोरच्या फळीवर दिवा दिसेल.

१२. हा अर्ज आपणांस मिळाला नाही असे पुढे म्हटले जाऊ नये, म्हणून तो आपल्या टेबलावर ठेवून पोच घेण्यासाठी माणूस थांबविला आहे. पोच दिली नाही तरी तो थांबेल. अर्जदार यांनी आपल्याकडे दया मागितलेली नाही. आपण सही केलेल्या कागदाचा अर्थ काय होतो ते आपणांस वाचून दाखविले आहे. उद्या संध्याकाळी 'माहीत नव्हते' हे वाक्य आपणांस वापरता येऊ नये, एवढ्यासाठी.

बोरमाळ वस्ती, उत्तर रांग येथून, शुद्धीत व राजीखुशीने,

(सही)
सुभद्राबाई यशवंतराव मुंगसे
निवृत्त पोलीस पाटील, मौजे सोनवळी

सध्याचा पत्ता : पहिली खोली, रहमतबी यांचे घर, उत्तर रांग, बोरमाळ वस्ती. उत्तर याच पत्त्यावर पाठवावे. पत्ता सापडला नाही, तर त्याचे कारण आपल्या दप्तरी मिळेल.

दिनांक : १० फेब्रुवारी २०२५, सोमवार.

सोबत जोडले आहे :
१) दि. ५ फेब्रुवारीच्या अर्जाची व दि. ७ फेब्रुवारीच्या उत्तराची प्रत.
२) पंचनाम्याची प्रत, दोन्ही कारणांखाली रेघ ओढली आहे.
३) पांढरा पंचा, एक. तीनदा धुतलेला. पाकीट उघडताना खिडकी उघडी ठेवावी.
४) सोनवळी येथील राहत्या घराची किल्ली. ही चि. दिग्विजय यास द्यावी. घराला कुलूप आहे. उद्या काम आटोपून तो घरी आला, तर त्याला दार उघडायला कोणी नसेल. त्याची आईही अर्जदार यांच्याबरोबर पहिल्या खोलीत आली आहे, व तिचेही नाव दारावर लिहिले आहे.